सल्ला : आजोबांचे रीळ आणि शिसवी मूठ

लोणावळ्याहून एका वाचकांनी पाठवलेल्या पत्राचा सारांश असा : ‘माझे आजोबा जी.आय.पी. रेल्वेत फिटर होते. १९४७ साली विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाने त्यांना मासे गरवण्याचे, म्हणजे गळाच्या काठीवर बसवून दोर गुंडाळण्याचे, एक रीळ भेट दिले. पुढे त्याची मूठ तुटली, तेव्हा आजोबांनी लेथवर शिसवी लाकडाची नवी मूठ कातून बसवली. आता ते रीळ फिरत नाही, फिरवताना आतून खटखट आवाज येत असे तोही बंद झाला आहे, पितळेवर कळंक चढला आहे आणि कडेला पांढरी भुकटी दिसते. पितळी तबकडीवर हार्डी ब्रदर्स, अल्निक ही अक्षरे आणि गळाची काठी धरलेल्या हाताचे चित्र आहे. व्यास सव्वाचार इंच भरतो. ते चकचकीत करून दिवाणखान्यात ठेवावे, असे घरातल्या सर्वांचे मत आहे. शिसवी मूठ काढून इंग्लंडहून मूळ नमुन्याची मूठ मागवावी का? माझ्या मुलालाही हा छंद लागला असून त्याने मुंबईच्या चोरबाजारातून आणखी दोन रीळे आणली आहेत, एक लाकडी आणि एक पितळी. लाकडी रिळाची मूठ हस्तिदंती असल्याचे विकणाऱ्याने सांगितले. परदेशातील एक संग्राहक आजोबांचे रीळ विकत मागतो आहे. ते त्याला पाठवता येईल का?’

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र वाचून मला फार आनंद झाला आणि तितकीच काळजीही वाटली. एक विनंती आधीच करतो. हे उत्तर शेवटपर्यंत वाचून होईपर्यंत त्या रिळाला चिंच, लिंबू, राख, पितळेची पावडर किंवा चमक आणणारे कोणतेही द्रावण लावू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांनी प्रेमाने ते देवघरातल्या समईबरोबर घासायला घेण्याआधी ते कपाटात ठेवून द्या.

आपल्या हातात काय आहे, ते प्रथम पाहू. इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थम्बरलँड परगण्यात अल्निक नावाचे गाव आहे. तेथे १८७२ साली विल्यम हार्डी यांनी बंदुकांचे दुकान काढले, लवकरच त्यांचे बंधू त्यात आले आणि बंदुकांच्या जोडीला गळाच्या काठ्या व रीळे बनू लागली. त्यांचे ‘परफेक्ट’ नावाचे रीळ १८९१ च्या सुमारास बाजारात आले आणि किरकोळ बदल होत १९६० च्या दशकापर्यंत बनत राहिले. दोर गुंडाळण्याचा ड्रम नुसत्या आसावर न घासता छर्‍यांच्या बेअरिंगवर फिरतो, हे त्याचे वैशिष्ट्य होय. ड्रमच्या बाजूंना गोल भोके पाडलेली असतात. त्यांनी वजन कमी होते आणि ओल्या रेशमी दोराला हवा लागून तो वाळतो. फिरणाऱ्या तबकडीवरच मूठ बसवलेली असते, त्यामुळे दोर अडकेल असा वेगळा दांडा बाहेर येत नाही. आपण दिलेले वर्णन याच रिळाशी जुळते. सव्वाचार इंच हे माप सामन माशासाठीचे, आणि सामनसाठी बनवलेली मोठी रीळेच हिंदुस्थानात आलेले साहेब लोक महसीर हा इथल्या नद्यांतला मोठा मासा गरवण्यासाठी वापरीत. बाकीचे अंग अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आणि समोरची तबकडी पितळेची असलेली परफेक्ट रीळे सर्वसाधारणपणे पहिल्या महायुद्धाच्या आधीची असतात. तेव्हा आपले रीळ साहेबाने आजोबांना दिले, त्या दिवशीच ते तीस वर्षांहून जुने असावे.

याची खातरजमा आपण घरीच करू शकता. महायुद्धाच्या सुमारापासून हार्डीच्या अनेक रिळांवर ‘ड्यूप्लिकेटेड मार्क टू’ अशी अक्षरे ठोकलेली दिसतात. ती आपल्या रिळावर नसतील, तर वयाच्या अंदाजाला बळकटी येते. रीळ उघडल्यावर चौकटीच्या आतल्या बाजूला भिंगातून पाहा. जोडणी करणाऱ्या कारागिराच्या नावाची आद्याक्षरे तेथे बारीक ठशाने उमटवलेली असण्याचा पुष्कळ संभव आहे. मग रिळाचा पाय तपासा. पाय म्हणजे काठीच्या खोबणीत बसणारी खालची लांबट पट्टी. तिची दोन्ही टोके सारख्या उताराची आणि सारख्या लांबीची आहेत का, की कोणी आपल्या काठीत बसवण्यासाठी ती कानशीने घासली आहेत, हे नीट बघा. संग्राहक रीळ हातात घेतो तेव्हा बहुधा आधी पायच पाहतो, आणि पाय घासलेला निघाला तर किंमत बरीच खाली येते. आपल्या दृष्टीने मात्र तो घासलेला निघाला तरी खंत करण्याचे कारण नाही. ते रीळ खरोखर नदीवर गेले होते, एवढाच त्याचा अर्थ.

आता चकाकीविषयी. या रिळाच्या मिश्रधातूच्या भागांवर कारखान्यातच गडद करडा मुलामा दिलेला असे आणि संग्राहक त्याला ‘लेड फिनिश’ म्हणतात. उन्हात रीळ चमकले तर मासा बुजतो, म्हणून तो मुद्दाम निस्तेज ठेवलेला असे. हा थर अत्यंत पातळ असतो. पावडर आणि फडके घेऊन अर्धा तास घासले की तो कायमचा जातो, खाली पांढरट अॅल्युमिनियम उघडे पडते आणि पुन्हा कितीही रंगवले तरी मूळची कळा येत नाही. मी हे अनुभवाने सांगतो आहे. या कामात नवखा असताना एका गृहस्थांनी विश्वासाने सोपवलेले असेच एक रीळ मी दिवसभर खपून आरशासारखे केले. त्यावर बोटांच्या घर्षणाने झिजलेली, मुठीच्या बाजूला फिकट होत गेलेली जी छटा होती, ती पन्नास-साठ वर्षांच्या वापराची खूण होती आणि मी ती एका दिवसात पुसून टाकली. त्याचे दुःख आजही वाटते.

पितळी तबकडीचे प्रकरण थोडे वेगळे आहे. चिंच-लिंबातल्या आम्लाने पितळ क्षणात उजळते हे खरे, पण ते आम्ल पितळेतले जस्त उचलते, आणि फार वेळ राहिले तर तांबूस डाग मागे ठेवते. शिवाय ते स्क्रूच्या आट्यांत आणि तबकडीखालच्या फटीत शिरून बसते. बाजारातल्या पितळ उजळणाऱ्या द्रावणांत बहुधा अमोनिया असतो, त्याचा धोका आणखी मोठा आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेला एक कोडे पडले होते. घोड्यांच्या पागांमध्ये साठवलेली पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत, कोणी हात लावलेला नसताना त्यांच्या पुंगळ्यांना उभ्या चिरा पडत. ऋतूशी संबंध दिसला म्हणून इंग्रजीत त्या दोषाला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले. खरे कारण १९२१ च्या सुमारास संशोधनातून स्पष्ट झाले. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, पावसाळी दमटपणा आणि पत्रा ओढून पुंगळी घडवताना धातूत कोंडून राहिलेला ताण, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पितळ फुटते. आपल्या रिळाची तबकडीही घडवलेल्या पितळेची आहे आणि लोणावळ्याच्या पावसाविषयी मी आपल्याला काही सांगायला नको.

म्हणून पितळेला फक्त इतकेच करावे. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून, त्यात बुडवून घट्ट पिळलेल्या मऊ सुती फडक्याने पुसावे, लगेच कोरडे करावे आणि हिरवा कळंक जेथे दाटला असेल तेथे यंत्रतेलाचा थेंब सोडून एक दिवस थांबावे. दुसऱ्या दिवशी बांबूची काडी तासून तिच्या टोकाने तो कळंक हळूच खरवडावा. लोखंडी टोक, तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर यांपैकी काहीही वापरू नये. तपकिरी झालेले पितळ तपकिरीच राहू द्यावे. कळंक धातू खातो, म्हणून तो काढायचा. तपकिरी झाक धातूचे काही बिघडवत नाही.

रीळ फिरत का नाही, याचे उत्तर बहुधा दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे जुने तेल. त्या काळी अनेकांनी हाताशी असेल ते तेल घातलेले असते. खोबरेल किंवा गोडे तेल घातले असेल, तर ते वर्षानुवर्षांनी डिंकासारखे चिकट होऊन छर्‍यांना जखडून टाकते. दुसरी गोष्ट आपण पाहिलेली पांढरी भुकटी. पितळ आणि अॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये दमट, खारट हवा शिरली, की दोहोंतले अॅल्युमिनियम झिजते आणि त्याची भुकटी फुगून फटी बुजवते. अशा स्थितीत मूठ धरून जोर लावणे हा सर्वांत वाईट उपाय आहे, कारण आपल्या रिळाची मूठ आजोबांनी बसवलेली आहे आणि ती एकदा निखळली तर पुन्हा तशीच बसणार नाही.

रीळ उघडण्याआधी स्क्रू ड्रायव्हरकडे लक्ष द्या. साध्या स्क्रू ड्रायव्हरचे टोक पाचरीसारखे निमुळते असते, त्यामुळे ते स्क्रूच्या खाचेत केवळ वरच्या कडेला टेकते आणि जोर दिला की कड फाटते. फाटलेल्या खाचांचे स्क्रू म्हणजे अनाडी हाताची सही, आणि ती पुसता येत नाही. एखाद्या घड्याळजीकडून किंवा लेथवाल्याकडून जुन्या स्क्रू ड्रायव्हरचे टोक खाचेच्या लांबी-रुंदीइतके, दोन्ही बाजू समांतर राहतील असे घासून घ्या. स्क्रू हलत नसेल तर त्यावर पातळ तेल सोडून दोन-तीन दिवस वाट पाहा, रोज एकदा स्क्रू ड्रायव्हरच्या मागच्या टोकावर बोटाने टिचकी मारावी इतकाच हलका ठोका द्या आणि मगच पुन्हा प्रयत्न करा. एखादा स्क्रू हरवला तर हार्डवेअरच्या दुकानातला मिळताजुळता स्क्रू रेटून बसवू नका. जुन्या ब्रिटिश उपकरणांत पुष्कळदा ‘बी.ए.’ (ब्रिटिश असोसिएशन) मापाचे बारीक आटे असतात आणि त्यांचा कोन साडेसत्तेचाळीस अंशांचा, तर आजच्या मेट्रिक आट्यांचा कोन साठ अंशांचा असतो. चुकीचा स्क्रू दोन फेरे जातो, मग भोकातले आटेच कापतो.

काम पांढरे फडके अंथरलेल्या, कडा उंच असलेल्या ताटात करा. तबकडी सुटताच बेअरिंगचे छर्रे घरंगळण्याची शक्यता असते, आणि एक जरी पलंगाखाली गेला तरी दिवस वाया जातो. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर छायाचित्र घ्या आणि सुटलेला प्रत्येक भाग निघालेल्या क्रमाने मांडा. चिकट झालेले धातूचे भाग रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या टर्पेंटाइनमध्ये भिजवून मऊ दात-ब्रशने साफ करा. हे काम खिडक्या उघड्या ठेवून आणि शेगडीपासून दूर व्हावे. मूठ बसवलेली तबकडी मात्र त्यात बुडवू नका, ती कापसाच्या बोळ्याने पुसा. अॅल्युमिनियमला धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक कधीही लावू नये, ते त्यात अक्षरशः विरघळते.

आता तो बंद पडलेला खटखट आवाज. आत एक दातेरी चाक असते, त्यावर एक छोटा त्रिकोणी खटका टेकलेला असतो आणि त्याला मागून स्प्रिंग दाबून धरते. मासा दोर ओढू लागला की ड्रम बेफाम फिरून गुंता होऊ नये, म्हणून ही व्यवस्था. बहुतेक वेळा खटका तेलाच्या राळेत रुतलेला असतो आणि साफ केल्यावर आपणहून जिवंत होतो. स्प्रिंग तुटलेली आढळली तर ती फेकू नका. आजोबा फिटर होते, तेव्हा ती स्प्रिंगही त्यांनी एखाद्या घड्याळाच्या पट्टीतून बनवलेली असू शकते. साध्या हाताने घासलेल्या कडा पाहिल्या की ते ओळखू येईल. जोडणी करताना बेअरिंगला शिवणयंत्राच्या तेलाचे दोन-तीन थेंब आणि खटक्याला व्हॅसलीनचा तिळाएवढा ठिपका पुरतो. ड्रमवर जुना रेशमी दोर अजून असेल तर तो उलगडून काढा, कारण तो ओल धरून ठेवतो. मात्र हातभर तुकडा कागदाच्या पाकिटात जपून ठेवा.

मुठीबद्दल माझे मत स्पष्ट आहे : ती काढू नका. मूळ नमुन्याची मूठ मिळेलही, ती बसवली की रीळ पुस्तकातल्या चित्रासारखे दिसेल, आणि काही संग्राहक त्यासाठी अधिक पैसेही देतील. पण अल्निकच्या कारखान्यात बनलेली परफेक्ट रीळे जगात पुष्कळ आहेत. रेल्वेच्या फिटरने सह्याद्रीतल्या शिसवीची मूठ कातून नदीवर वापरलेले परफेक्ट रीळ आपल्याकडे आहे तेवढे एकच. दुरुस्ती कुशल असेल, तिने वस्तू वापरात राहिली असेल आणि ती कोणी केली हे ठाऊक असेल, तर ती दुरुस्ती त्या वस्तूच्या इतिहासाचा भाग होते, असे मी मानतो. लेथच्या हत्याराने उमटलेल्या बारीक वलयांवर बोट फिरवून पाहा, आणि ती वलये पॉलिश पेपरने गुळगुळीत करण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नका. लाकूड फार कोरडे वाटले तर किंचित मेण चोळावे, वार्निश लावू नये.

आपल्या चिरंजीवांच्या दोन रिळांपैकी लाकडी रीळ मला अधिक महत्त्वाचे वाटते. अक्रोडाच्या लाकडाची, पाठीवर पितळी चांदणी जडवलेली अशी रीळे इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या पद्धतीची म्हणून ओळखली जातात. पावसाळ्यात लाकूड फुगून ड्रम अडकत असेल तर ते घासून सैल करू नका, हवा कोरडी झाली की ते आपोआप सुटेल. त्याची पांढरी मूठ बहुधा ‘आयव्हरीन’ची, म्हणजे हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम पदार्थाची असावी, कारण त्या काळी तिचा वापर सर्रास होत असे. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते, ती भिंगातून शोधा. तापलेली सुई टोचून पाहण्याची जुनी पद्धत मुळीच वापरू नका, आयव्हरीन सेल्युलॉइडच्या जातीचे असेल तर ते भडकन पेट घेते. आणि मूठ खरोखर हस्तिदंताची निघाली तर त्याचा आनंद मानण्यासारखे काही नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील नंतरच्या दुरुस्त्यांमुळे आपल्या देशात हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे. अशा वेळी पुढचा व्यवहार न करता थेट वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारणे हाच योग्य मार्ग होय.

पितळी रिळाबद्दल मला शंका आहे. मुरादाबाद आणि रुरकी येथे जुन्या धाटणीच्या पितळी दुर्बिणी, होकायंत्रे आणि जहाजावरची उपकरणे आजही बनतात. ती प्रामाणिकपणे नवी म्हणून विकली जातात तोवर त्यात काही गैर नाही, पण जुन्या बाजारात पोहोचेपर्यंत त्यांचे वय शंभर वर्षांनी वाढलेले असते. चिरंजीवांच्या रिळाला अधिक चिन्हासारख्या खाचेचे स्क्रू असतील तर ते एकोणिसाव्या शतकातले नाही, कारण तसे स्क्रू १९३० च्या दशकात प्रचारात आले. खरी झीज हात लागतो तेथे असते : मुठीवर, कडेवर, पायाच्या तळाशी. सगळीकडे सारखाच काळेपणा आणि खोलगट जागीही सारखीच झीज दिसली, तर तो रसायनाचा परिणाम समजावा. त्याने खरेदी जरूर करावी, चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर जावे, बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारातही फिरावे, पण पहिले वर्षभर विकत घेण्यापेक्षा हातात घेऊन पाहण्यावर भर द्यावा आणि घासून लख्ख केलेल्या रिळापेक्षा मळलेले, पण सर्व भाग शाबूत असलेले रीळ निवडावे. काही जुनी काळी रीळे एबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची असतात. ती उन्हात तपकिरी पडतात आणि गरम पाण्याने खराब होतात, हेही त्याला सांगून ठेवा.

परदेशी संग्राहकाला रीळ पाठवण्यापूर्वी थांबा. पुरावस्तूंसंबंधीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची किंवा शास्त्र-कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू मुळात विलायतेत बनलेली आहे, ही सबब पुरेशी नाही. आपले रीळ पहिल्या महायुद्धापूर्वीचे असल्याचा माझा अंदाज बरोबर असेल, तर ते या मर्यादेच्या पलीकडे गेलेले आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे वस्तू दाखवून ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र मिळाले, तरच पुढचा विचार करता येईल. खोटे वर्णन लिहून पार्सल पाठवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नका. देशातल्या देशात ते विकण्यास हरकत दिसत नाही, पण आपल्या पत्राचा सूर पाहता ते विकावे असे आपल्यालाच मनापासून वाटत नसावे, असे मला वाटते.

ठेवण्याची जागा आता सांगतो. नव्या प्लायवूडच्या बंद शोकेसमधून आम्लाच्या वाफा निघत राहतात आणि धातूला त्या बाधतात. काचेच्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, भिंतीपासून थोडे पुढे ठेवावे आणि पावसाळ्यात त्या पुड्या दर पंधरवड्याने बदलाव्यात. रिळाबरोबर चामड्याचा डबा आला असेल तर तो टाकू नका, हार्डीच्या तशा डब्यांनाही संग्राहकांत मान आहे. मात्र रीळ त्यात ठेवू नका, कारण चामड्यातल्या द्रव्यांनी पितळेवर पुन्हा कळंक चढतो. हात लावताना सुती हातमोजे घाला आणि महिन्यातून एकदा ड्रम पाच-सात फेरे फिरवा.

रीळ उघडल्यावर चौकटीच्या आतल्या आद्याक्षरांचे, खटक्याच्या स्प्रिंगचे आणि पायाच्या दोन्ही टोकांचे छायाचित्र तिरप्या उजेडात काढून मला अवश्य पाठवा. स्प्रिंग आजोबांनी केलेली आहे की अल्निकची, ते मी त्यावरून सांगू शकेन. ती तुटलेली असेल, तर तिच्याच मापाची नवी कशी करून घ्यावी, तेही कळवीन.